उतार १.५८ आला, आता कोल्मोगोरोव्ह खरा की क्रायक्नान?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर, एल-१ बिंदूपाशी असलेल्या एका यानाचा एका दिवसाचा चुंबकीय क्षेत्राचा डेटा घेतला, दर ३ सेकंदांना एक नोंद. त्याचा पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारितेच्या हेलकाव्यांत किती ऊर्जा आहे याचा आलेख) काढला, लॉग-लॉग आलेखावर सरळ रेघ बसवली, तर उतार आला उणे १.५८. मार्गदर्शक म्हणतात उणे ५/३ यायलाच हवा, म्हणजे १.६७. पाठ्यपुस्तकात मात्र चुंबकित प्लाझ्मासाठी (चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतभारित कणांच्या वायूसाठी) ३/२ दिलाय. बरोबर कोण? आणि जोडप्रश्न: सौर वाऱ्यात, म्हणजे सूर्यातून सतत वाहणाऱ्या या प्लाझ्मात, कणांच्या टकरी जवळजवळ होतच नाहीत, मग तिथे टर्ब्युलन्स (लहानमोठ्या भोवऱ्यांची खळबळ) असतोच कसा?

आधी एक गंमत. ३/२ आणि ५/३ यांचा बरोबर मध्य काढा: १.५८३. म्हणजे तुमच्या डेटाने दोन्ही पक्षांपासून अगदी समान अंतर राखलंय. तुमचा प्रोग्राम चुकला असं मी म्हणत नाही, पण ‘दोघांपैकी एक निवडा’ हा प्रश्नच इथे फसवा आहे. का ते सांगतो.

स्पेक्ट्रमचा उतार म्हणजे मोठ्या भोवऱ्यांकडून लहान भोवऱ्यांकडे ऊर्जा किती सहजपणे झिरपते, याची खूण. १९४१ साली कोल्मोगोरोव्हने साध्या द्रवासाठी हिशेब मांडला: प्रत्येक पायरीवर तेवढीच ऊर्जा खाली सरकते, वाटेत गळत नाही, आणि भोवरा साधारण एका गिरकीच्या वेळात मोडतो. त्यातून ५/३ येतो. चुंबकित प्लाझ्मात मात्र क्षेत्ररेषा ताणलेल्या तारेसारख्या वागतात. तार छेडली की हेलकावा तिच्यावरून पळत सुटतो. आल्फव्हेनने १९४२ मध्ये सांगितलेल्या लाटा त्या ह्याच. इरोश्निकोव्ह (१९६३) आणि क्रायक्नान (१९६५) यांचं म्हणणं असं, की हे हेलकावे एकमेकांना भेटतात ते धावतपळत, त्यामुळे एका भेटीत फारसं काही घडत नाही, पुष्कळ भेटी लागतात. ऊर्जा अडखळत उतरते आणि उतार ३/२ होतो.

पाठ्यपुस्तकं बहुतेकदा इथे थांबतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. कारण या दोन्ही हिशेबांत सगळ्या दिशा सारख्या धरल्यात. जिथे सरासरी चुंबकीय क्षेत्र आहे तिथे दिशा सारख्या असूच शकत नाहीत. क्षेत्राला आडवं ढवळणं सोपं, क्षेत्ररेषा वाकवणं कठीण. म्हणून भोवरे जसजसे लहान होत जातात तसतसे क्षेत्राच्या दिशेने लांबट होत जातात. गोल्डराइश आणि श्रीधर यांनी १९९५ मध्ये हे नीट मांडलं: लाट भोवऱ्याच्या लांबीवरून जायला जो वेळ घेते आणि भोवरा आडवा मोडायला जो वेळ लागतो, ते दोन्ही प्रत्येक पायरीवर जवळजवळ सारखे राहतात. याला क्रिटिकल बॅलन्स म्हणतात. त्यातून क्षेत्राला आडव्या दिशेत उतार निघतो… पुन्हा ५/३. मग २००६ मध्ये बोल्डिरेव्हने दाखवलं, की लहान पायऱ्यांवर वेगाचे आणि क्षेत्राचे हेलकावे एकमेकांशी समांतर होऊ लागले तर त्यांचं आपसातलं भांडण मंदावतं, आणि उतार येतो… पुन्हा ३/२.

म्हणजे सिद्धांत चार आणि आकडे दोन. तुमचा उतार चोख १.५०० आला असता तरी त्यातून क्रायक्नान सिद्ध झाला नसता. तोच आकडा बोल्डिरेव्हचाही आहे, आणि त्या दोघांच्या मनातलं चित्र एकमेकांशी अजिबात जुळत नाही. उतार हा साक्षीदार खरा, पण ‘दोघं जण होते आणि त्यातल्या एकाने टोपी घातली होती’ एवढंच सांगणारा. मार्गदर्शकांना हे सांगताना जरा सांभाळून सांगा.

आता तुमच्या १.५८ कडे वळू. माझ्याकडे कुणी असा आकडा घेऊन आलं की मी सिद्धांताबद्दल विचारत नाही. विचारतो ते हे: रेघ कुठपासून कुठपर्यंत बसवली? दोन्ही उतारांमधला फरक ०.१७ चा. वारंवारितेच्या दहापट पल्ल्यात, म्हणजे समजा ०.०१ ते ०.१ हर्ट्झमध्ये, हा फरक पॉवरमध्ये जेमतेम दीडपट होतो. एका टोकाला पॉवर दीडपट इकडेतिकडे झाली की कोल्मोगोरोव्हचा क्रायक्नान होतो. आणि पॉवर इकडेतिकडे करणाऱ्या गोष्टींची स्पेक्ट्रममध्ये वानवा नसते.

पहिली गोष्ट वरच्या टोकाची. ३ सेकंदांची नोंद हे बहुतेक वेळा एका क्षणाचं मोजमाप नसतं, ती ३ सेकंदांची सरासरी असते. सरासरीने जलद हेलकावे दबतात. साधा हिशेब केला तर ०.१ हर्ट्झला पॉवरचा सुमारे चौथा हिस्सा ही सरासरीच खाऊन टाकते; ०.०५ हर्ट्झला मात्र ७ टक्क्यांच्या आसपासच. त्याच वेळी ०.१६७ हर्ट्झच्या (दर ३ सेकंदांच्या नोंदींना दिसू शकणाऱ्या कमाल वारंवारितेच्या) पलीकडची पॉवर दुमडून आत येते आणि उलट दिशेने उतार सपाट करते. दोघांचं भांडण तुमच्या रेघेच्या शेवटच्या भागात चालू असतं. तुम्ही ०.१५ हर्ट्झपर्यंत रेघ ओढली असेल तर ती मागे घ्या. ०.०५ हर्ट्झच्या पुढे मी ३ सेकंदांच्या डेटावर विश्वास ठेवत नाही.

दुसरी गोष्ट खालच्या टोकाची. फार कमी वारंवारितेला सौर वाऱ्याच्या स्पेक्ट्रमचा उतार १ च्या आसपास असतो. ही मोठ्या भोवऱ्यांची ऊर्जेची कोठी आहे, जिथे झिरपणं अजून सुरूच झालेलं नाही. पृथ्वीपाशी वेगवान वाऱ्यात ही कोठी कधी कधी १०⁻³ हर्ट्झच्या जवळ येते. रेघेत तिचा थोडा जरी भाग शिरला तरी उतार उथळ होणार. १.५८ मधली कसर कदाचित इथेच असेल.

तिसरी गोष्ट, आणि ती बघायला गणित लागत नाही: स्पेक्ट्रम काढण्याआधी त्या दिवसाची मूळ नोंद आलेखावर नुसती बघितली होती का? त्या दिवशी एखादा शॉक (वाऱ्यातली अचानक येणारी आघात-लाट) येऊन गेला असेल, किंवा क्षेत्राची दिशा एकदम उलटली असेल, तर त्या एकाच उडीचा स्पेक्ट्रम उणे २ उताराचा असतो आणि तो बाकी सगळ्यांवर सांडतो. डेटातली खिंडारं सरळ रेषांनी बुजवल्या असतील तर तिथेही असंच काहीतरी होतं. शिवाय चढत किंवा उतरत जाणारा डेटा, दोन्ही टोकं हळूहळू शून्याकडे नेणारी ‘खिडकी’ न लावता, तसाच फूरिए रूपांतराला दिला तर सुरुवात आणि शेवट यांच्यातला फरक हीसुद्धा एक उडीच ठरते. मी स्वतः सुरुवातीला दोन महिने ‘खूप तीव्र उताराच्या दिवसां’चा तक्ता करत होतो. नंतर कळलं, की ते सगळे शॉकचे दिवस होते. तक्ता अजून ठेवलाय.

चौथी: एका दिवसात तुमच्याकडे स्वतंत्र माहिती किती? मोठ्या भोवऱ्याचा आकार पृथ्वीपाशी १० लाख किमीच्या घरात असतो. ४०० किमी दर सेकंद वेगाने तो यानावरून जायला पाऊण तास लागतो, म्हणजे दिवसभरात असे तीस-पस्तीस तुकडे. एवढ्यावरून काढलेल्या उताराचं दुसरं दशांशस्थळ लिहिणं धाडसाचं आहे. त्याच दिवसाचे सहा-सहा तासांचे चार भाग करून प्रत्येकाचा उतार काढा. चार आकडे किती पसरलेत ते बघितलं की १.५८ मधल्या ८ वर किती जीव लावायचा हे आपोआप ठरेल.

एवढं सगळं करूनही उतार १.५८ च राहिला तर? राहू शकतो. सौर वाऱ्यात एकच उतार नसतो, आणि तो कशावर अवलंबून असतो हे बऱ्यापैकी माहीत आहे.

एक म्हणजे तुम्ही काय मोजताय. पृथ्वीपाशी चुंबकीय क्षेत्राचा उतार सरासरीने ५/३ जवळ येतो, तर प्लाझ्माच्या वेगाचा ३/२ जवळ. एकाच वाऱ्यात, एकाच दिवशी. नुसत्या लाटा असत्या तर दोन्ही हेलकाव्यांत ऊर्जा समान असती. प्रत्यक्षात चुंबकीय ऊर्जा थोडी वरचढ असते आणि हा जादा भाग मोठ्या आकारांकडे अधिक असतो. म्हणून ‘सौर वाऱ्याचा उतार किती’ असं कुणी विचारलं की मी ‘कशाचा?’ असा उलटप्रश्न करतो.

दुसरं म्हणजे लाटांचा तोल. एल्सासरने १९५० मध्ये दोन राशी बनवल्या: वेग अधिक क्षेत्राचा हेलकावा, आणि वेग उणे क्षेत्राचा हेलकावा (क्षेत्र वेगाच्या एककात मोजून). एक राशी क्षेत्राच्या दिशेने जाणाऱ्या लाटांची, दुसरी उलट येणाऱ्यांची. गणितात यांची खुबी अशी, की संघर्षाच्या पदात दोघींचा गुणाकार येतो. एकाच दिशेने जाणाऱ्या लाटा कितीही मोठ्या असोत, एकमेकींना धक्का न लावता निघून जातात. भोवरा मोडायला समोरून कुणीतरी यावं लागतं. सूर्याजवळून निघालेल्या लाटा मुख्यतः बाहेरच जाणाऱ्या, म्हणजे तोल एका बाजूला झुकलेला. उलट्या लाटा येतात वाटेत आल्फव्हेन वेग (क्षेत्ररेषेवरून लाट पळण्याचा वेग) बदलत गेल्याने होणाऱ्या परावर्तनातून आणि वेगवान-मंद प्रवाहांच्या घासणीतून. जिथे तोल फारच एकतर्फी असतो तिथे उतार ३/२ कडे झुकलेला दिसतो, समतोल असेल तिथे ५/३ कडे. तुमच्या दिवसाची वेगाची नोंद मिळवा आणि क्रॉस हेलिसिटी (वेगाचे आणि क्षेत्राचे हेलकावे किती जुळतात याचं माप) काढा. दहा ओळींचा प्रोग्राम आहे, आणि १.५८ चं कोडं त्यातून अर्धं सुटेल असा माझा अंदाज.

तिसरं म्हणजे सूर्यापासूनचं अंतर. २०१८ साली निघालेल्या पार्कर सोलर प्रोबने सूर्याजवळ चुंबकीय क्षेत्राचा उतार ३/२ च्या जवळ दाखवला, आणि पृथ्वीकडे येताना तो ५/३ कडे सरकत जातो. म्हणजे तुमचे मार्गदर्शक आणि तुमचं पाठ्यपुस्तक कदाचित एकाच वाऱ्याबद्दल बोलत असतील, फक्त वेगवेगळ्या मुक्कामांवर. यालाही एक पुरवणी जोडायला हवी. सूर्याजवळ क्षेत्र जवळजवळ वाऱ्याच्याच दिशेने असतं, त्यामुळे यान भोवऱ्यांना त्यांच्या लांबीच्या दिशेने छेदण्याची शक्यता वाढते. शिवाय तिथे वाऱ्याचा वेग आणि आल्फव्हेन वेग एकमेकांच्या जवळ येतात. २८ एप्रिल २०२१ ला ते यान वाऱ्याचा वेग आल्फव्हेन वेगापेक्षा कमी असलेल्या भागातही जाऊन आलं. टेलरचं १९३८ चं गृहीतक, की भोवरे गोठलेले आहेत आणि वारा त्यांना यानावरून ओढून नेतोय, तिथे सैल पडतं. तुमच्याकडे वारा ४०० आणि आल्फव्हेन वेग ५० किमी दर सेकंद, तेव्हा वारंवारितेवरून लांबी काढायला तुम्हाला काही अडचण नाही: ३ सेकंद म्हणजे १,२०० किमी.

मग सिद्धांत ओळखायचा कसा? माझं उत्तर: उतार बाजूला ठेवा आणि दिशाभेद बघा. गोल्डराइश-श्रीधर हिशेबाने १० लाख किमीच्या मूळ भोवऱ्यापासून (तिथे हेलकावा मूळ क्षेत्राइतकाच मोठा धरून) खाली उतरत १,००० किमी जाडीच्या भोवऱ्यापर्यंत आलात, तर तो क्षेत्राच्या दिशेने १०,००० किमी लांब असायला हवा. १०० किमी जाडीला साधारण २,१०० किमी. म्हणजे जितका लहान तितका जास्त लांबट. यान क्षेत्राच्या दिशेनेच भोवरे छेदत असेल तेव्हा उतार २ दिसायला हवा, आडवं छेदताना ५/३. २००८ मध्ये सौर वाऱ्यात हे मोजलं गेलं आणि तसंच दिसलं. सगळ्या दिशा सारख्या धरणाऱ्या कोल्मोगोरोव्ह आणि क्रायक्नान यांच्या मूळ चित्रांत हा फरक बसतच नाही. क्रायक्नानचा निकाल १.५८ ने नव्हे, या २ ने लागतो.

ही मोजणी करताना एक चूक जवळपास सगळेच करतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘क्षेत्राची दिशा’ म्हणजे कुठली? दिवसभराची सरासरी घेतली तर हा फरक जवळजवळ पुसला जातो. १,००० किमीच्या भोवऱ्याला दिवसभराची सरासरी ठाऊकच नसते. त्याला जाणवतं ते त्याच्या आसपासचं, त्याच्याहून काही पट मोठ्या पट्ट्यातलं क्षेत्र, आणि ते मोठ्या भोवऱ्यांच्या हेलकाव्यांबरोबर सतत झुलत असतं. म्हणून प्रत्येक क्षणी, प्रत्येक आकारासाठी, स्थानिक सरासरी क्षेत्र वेगळं काढावं लागतं. वेव्हलेट (एका वेळी एकाच ठिकाणचा, एकाच आकाराचा हेलकावा निवडणारी गणिती साधनं) यासाठी सोयीची पडतात. पृथ्वीपाशी क्षेत्र वाऱ्याशी सरासरी ४५ अंशांचा कोन करतं, त्यामुळे २० अंशांच्या आतले क्षण कमीच मिळतात. एक दिवस त्याला पुरणार नाही, निदान एखादा महिना घ्या.

आता टकरींचा प्रश्न. तो मनात येणं बरोबरच आहे. सौर वाऱ्यात दर घनसेंटिमीटरला पाचेक प्रोटॉन, तापमान लाखभर केल्विन. दोन टकरींमधलं अंतर निघतं सूर्य आणि पृथ्वी यांच्यातल्या अंतराएवढं, १५ कोटी किमीच्या पातळीचं. म्हणजे सूर्यावरून निघालेला प्रोटॉन इथवर येईपर्यंत एखाद्या वेळी टकरावला तर टकरावला. पण प्रवाहासारखं वागायला टक्करच हवी असं नाही, कणांना एकत्र बांधून ठेवणारं काहीतरी हवं, आणि ते काम चुंबकीय क्षेत्र करतं. ५ नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात प्रोटॉन ९०-१०० किमी त्रिज्येच्या घिरट्या घालतो. १० लाख किमीच्या भोवऱ्याच्या दृष्टीने तो क्षेत्ररेषेला चिकटलेलाच आहे. म्हणून मोठ्या आकारांवर, निदान क्षेत्राला आडव्या दिशेत, द्रवाची समीकरणं छान चालतात. क्षेत्राच्या दिशेने मात्र कण मोकळा असतो, आणि तिथे द्रवाचं चित्र लंगडं पडतं. आपल्या नशिबाने आल्फव्हेन लाटांना त्या दिशेच्या दाबाशी फारसं देणंघेणं नसतं.

टकरी नसल्याने खरी पंचाईत होते ती शेवटच्या पायरीवर. साध्या द्रवात सगळ्यात लहान भोवरे घर्षणात विरतात आणि ऊर्जेची उष्णता होते. इथे घर्षणच नाही. तरी ऊर्जा उष्णतेत जाते हे नक्की, कारण नुसतं पसरत जाणाऱ्या वायूचं तापमान अंतराच्या ४/३ घाताने पडायला हवं. सूर्य-पृथ्वी अंतराच्या ०.३ पासून पृथ्वीपर्यंत येताना ते पाचव्या हिश्शावर आलं पाहिजे. १९७० च्या दशकातल्या हीलिऑस यानांनी मोजलेली प्रोटॉनची घट त्याहून बरीच मंद आहे. वाटेत कुणीतरी शेक देतंय. भोवरे प्रोटॉनच्या घिरटीएवढे झाले की लाटांबरोबर वाहणारे कण त्यांची ऊर्जा शोषतात, लहान हेलकावे घिरट्यांना वेडेवाकडे धक्के देतात, पातळ विद्युतप्रवाहाच्या पत्र्यांत क्षेत्ररेषा तुटून जुळतात. यातलं कोण किती ऊर्जा नेतं, हे वाऱ्यागणिक बदलतं, आणि यावर आम्ही परिषदांमध्ये अजूनही तावातावाने भांडतो.

तुम्हाला ही पायरी बघायची असेल तर ३ सेकंदांचा डेटा कामाचा नाही. स्पेक्ट्रम तिथे ०.५ हर्ट्झच्या आसपास मोडतो आणि पुढे उतार २.८ च्या जवळ जातो, तुमचा डेटा त्याआधीच संपतो. सेकंदाला दहाएक नोंदींचा डेटा बऱ्याच मोहिमांचा खुला असतो, तो उतरवून घ्या. फक्त उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटाची पातळी आधी आलेखावर काढून ठेवा, कारण हेलकावे त्या पातळीला टेकले की उतार सपाट होतो आणि काहीतरी नवीन सापडल्यासारखं वाटतं. आणि ०.३३ हर्ट्झला एखादा देखणा, बारीक सुळका दिसला तर लगेच आयन सायक्लोट्रॉन लाटांवर (कणांच्या घिरट्यांशी ताल जुळणाऱ्या लाटांवर) प्रकरण लिहायला घेऊ नका. मी घेतलं होतं. आठ पानं झाल्यावर एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, “यान स्वतःभोवती किती सेकंदांत एक फेरी घेतं रे?” तीन.